हालगे सरांची शनिवारची फेरी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी डॉ. शिवलिंगप्पा हालगे यांचं नाव सांगतो. आई-वडिलांच्या आधी सांगतो, आणि त्याला आईची परवानगी आहे. नांदेडकडच्या नायगाव तालुक्यातल्या आमच्या गावी, आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आई म्हणते, "आम्ही तुला साळंला धाडलं तेवढंच. मानसात तुला त्या डॉक्टरनं आणलं."

हालगे सर लातूरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात हाडांचे सर्जन होते आणि मी त्यांच्या हाताखाली फिजिओथेरपिस्ट. हा शब्द आमच्या गावात अजून कुणाला नीट म्हणता येत नाही. वडील लोकांना सांगतात, पोरगं पडलेल्या मानसांना चालायला लावतंय. ते बरोबरच आहे. सरांकडं येणारे बहुतेक पेशंट म्हातारे असत. कुणी न्हाणीत घसरलेलं, कुणी उंबऱ्याला अडखळलेलं, आणि बहुतेकांचं खुब्याचं हाड मोडलेलं. सर आठवडाभर ऑपरेशनं करत आणि शनिवारी, घरी गेलेल्या पेशंटना बघायला गावोगाव हिंडत. दवाखान्यात या हिंडण्याला 'फेरी' म्हणत. आपल्यामागं ही फेरी बंद पडेल, ही एकच धास्ती मी त्यांच्या मनात बघितली. बाकी कशाची भीती त्यांना वाटत असेल असं दिसत नसे.

सर उंच होते आणि पेशंटच्या तोंडाजवळ कान नेऊन नेऊन मानेत थोडे वाकले होते. मूळचे उदगीरचे. वडिलांची डाळीची अडत होती, घरात कन्नड बोलत. सकाळी कपाळावर विभूतीची तीन बोटं असायची, ऑपरेशनला जाताना ती धुऊन टाकायचे आणि नंतर पुन्हा लावायचे नाहीत, त्यामुळं सकाळचे सर आणि दुपारचे सर दोन वेगळी माणसं वाटत. राउंडच्या आधी दवाखान्यासमोरच्या गाड्यावर उभ्यानं सुशीला खायचे. भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, वर शेव. खाताना कुणी औषधपाण्याचं विचारलेलं त्यांना खपत नसे, पण गाडेवाल्याला ती सूट होती, कारण तो मिरची जास्त घालायचा.

नवा पेशंट आला की नातेवाईक आधी एक्स-रे पुढं करत. सर तो बाजूला ठेवत. खुर्ची ओढून खाटेशी बसत आणि विचारत, "पडलात तेव्हा कुठं निघाला होतात?"

हा प्रश्न प्रत्येकाला. उत्तरंही नाना तऱ्हेची येत. कुणी शेजारणीकडं मालिका बघायला निघालेली, कुणी पहाटेच्या नमाजला. निलंग्याकडच्या एका आजीबाई म्हणाल्या, "च्यात साखर कमी टाकली म्हून सुनंला बोलायला सैपाकघरात निघालते." सर हसले नाहीत. त्यांनी तेच उत्तर पेशंटच्या केसपेपरवर सगळ्यांत वर लिहिलं. ज्या जागी ते माणूस निघालं होतं, तिथं ते आपल्या पायांनी पोचलं की सरांच्या लेखी उपचार संपला. टाके काढणं, हाड जुळणं ही मधली स्टेशनं. आम्हा नव्या पोरांना ते म्हणत, "तिकीट जिथलं काढलंय तिथवर न्यायचं. मध्येच उतरवायचं नाही."

वॉर्डात शिरल्यावर ते दुसरी एक गोष्ट शोधत, ती म्हणजे चष्मा आणि कवळी. आमच्याकडं म्हातारं माणूस दवाखान्यात आणलं की या दोन वस्तू हरवू नयेत म्हणून रुमालात बांधून घरी पाठवतात. मग ऑपरेशननंतर म्हातारी असंबद्ध बोलायला लागली की सगळे घाबरतात. एका लेकानं सरांना सांगितलं, आई भ्रमली, मला वळखून नाही राहिली. सर म्हणाले, "तिचा चष्मा घरी, दात घरी. ती एकटीच इथं. तुम्हाला कशी ओळखणार?" संध्याकाळपर्यंत रुमाल आला. आजीनं चष्मा लावला, लेकाकडं बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं की, किती वाळलास रे.

दवाखान्यात त्यांनी आणखी एक गोष्ट बदलली. पूर्वी म्हाताऱ्यांची ऑपरेशनं अपघातातल्या तरण्या पोरांमागं ढकलली जायची. सकाळपासून उपाशी ठेवायचं आणि दुपारी सांगायचं, आज नाही, उद्या. उद्याही तेच. सरांनी ते बंद केलं. म्हातारं माणूस आलं की त्याच दिवशी फिजिशियन बघणार, भूलतज्ज्ञ बघणार, आणि सकाळी पहिला नंबर त्याचा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पाय खाली सोडून बसवायचं. बीपीची कुठली गोळी खाऊन चक्कर येते, मोतीबिंदू किती पिकलाय, हाडं किती ठिसूळ झालीत, हे घरी सोडायच्या आधी बघायचं, नाहीतर दुसरा खुबा मोडून परत येणार. यासाठी ते भांडले. त्यांचं भांडण फार वाईट असायचं. आवाज न चढवता समोरच्याच्या टेबलाशी उभे राहत आणि काम होईपर्यंत जात नसत.

मी लागलो तेव्हा मला आपण शिकलेले आहोत हे दाखवायची फार हौस होती. पहिल्याच दिवशी एका आजोबांना मी पुस्तकी मराठीत व्यायाम समजावून सांगितला. आजोबा माझ्याकडं सरकारी माणसाकडं बघावं तसं बघत राहिले. सर मागं उभे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू नायगावकडचा ना? मग ही पुण्याची भाषा कुणाला ऐकवून राहिलास?" मी ओशाळलो. दुसऱ्या दिवशी मी आजोबांना म्हटलं, बाबा, पाय जरा उचला की, लई नको, बितभर. आजोबांनी उचलला. इतकी वर्षं जी बोली लपवायला मी शिकलो होतो, तिच्यावर माझं पोट चालणार आहे हे मला सरांनी त्या दिवशी दाखवलं.

फेरी कशी सुरू झाली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. शिरूर अनंतपाळकडं जाताना, गाडीत. त्या बाजूच्या एका गावातल्या बाईंच्या खुब्याचं त्यांनी ऑपरेशन केलं होतं. इतकं सुरेख झालं की त्याचा एक्स-रे त्यांनी डॉक्टरांच्या सभेत पडद्यावर दाखवला. पुढं वर्षभरानं त्या रस्त्यानं जात होते, म्हणून सहज, कौतुकानं, त्यांच्या घरी थांबले. बाई आतल्या खोलीत खाटेवर होत्या. दवाखान्यातून आल्यापासून खाली उतरल्याच नव्हत्या. पाय काटकीसारखे झालेले, पाठीला जखमा. मुलं वाईट नव्हती. तिघेही पाळीपाळीनं आईला भरवत होते, तिचं सगळं काढत होते. थोरला सरांच्या पाया पडून अभिमानानं म्हणाला, "साहेब, तुम्ही एवढं केलं, मग आम्ही बी आईचा पाय भुईला लागू दिला न्हाई."

"हाड एकदम जुळलेलं होतं," सर म्हणाले. बाई त्या महिन्यातच गेल्या. मुलांना काय करायचं ते आपण सांगितलंच नव्हतं, असं सर म्हणाले. सांगितलं होतं फक्त 'सांभाळा', आणि त्यांनी त्यांच्या परीनं सांभाळलं.

आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाला निजवून ठेवणं हीच सेवा समजतात. आईला चालायला लावलं तर लोक नावं ठेवतील, ही भीती तर असतेच. घरोघर सर आधी पेशंटकडं जायचेच नाहीत. पहिल्यांदा न्हाणी बघायचे, मग खाटेपासून न्हाणीपर्यंतची वाट. डुगडुगणारी शहाबादी फरशी, हौदाजवळचं शेवाळ, दारातला अंधार. बल्ब ते पिशवीतच घेऊन हिंडायचे. खाट बुटकी असेल तर पायांखाली विटा लावायला सांगायचे, म्हणजे उठताना खुब्याला त्रास नाही. आम्ही दिलेला वॉकर, ज्याला सगळे घोडा म्हणतात, तो बहुतेक घरी दुसऱ्याच कामाला लागलेला असायचा. एका घरी त्याच्यावर शेवया वाळत होत्या. सरांनी त्यातली एक मोडून खाऊन बघितली आणि अजून ओल्या आहेत म्हणाले.

लातूरजवळच्या मुरुडच्या सोजरबाईंचं मात्र सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. सोजरबाई शेतकरी घरच्या, सत्तरी ओलांडलेल्या, कणखर. दाखल झाल्या तेव्हा सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगा बालाजी शेजारी होता. सोजरबाई म्हणाल्या, शेळीला पाला टाकायला निघालते. ऑपरेशन झालं, वॉर्डात त्या घोडा घेऊन माझ्यापुढं चालायच्या. घरी गेल्या. पंधरवड्यानं आम्ही फेरीला गेलो तर त्या शाल पांघरून आडव्या, आणि घोडा भिंतीकडं तोंड करून उभा.

मी सुनेला रागावणार होतो. पण दोष तिचा नव्हता. भेटायला येणाऱ्यांचा होता, किंवा कुणाचाच नव्हता. सोजरबाई आल्यापासून मुरुडातले, शिवारातले, सोयरे, सगळे बघायला येत होते. कुणी आलं की त्या झोपायच्या आणि शाल वर ओढायच्या. सून म्हणाली, बसून बोललं की लोकं म्हणतेत हिला काय धाड भरलीय, उगंच दवाखाना केला. शिवाय एवढ्या लांबून माणूस भेटायला आलं आणि आजारी माणूस टुणटुणीत दिसलं, तर आलेल्याचं येणं वाया गेल्यासारखं. एक जायचा, दुसरा यायचा. दिवस असाच मावळायचा. आम्ही बसलो होतो तेवढ्यात एक सोयरे नारळ घेऊन आलेच, आणि सोजरबाईंनी आमच्या देखत शाल वर घेतली.

मला वाटलं सर लोकांचं येणं बंद करायला सांगतील. सरांनी त्या सोयऱ्यांचं चहापाणी होऊ दिलं. ते निघाले तसा बालाजी त्यांना घालवायला उठला. सर म्हणाले, "तुम्ही कशाला उठलात?"

"पाव्हण्यांना घालवून येतो की, फाटकापर्यंत."

"घर कुणाचं आहे?"

बालाजीला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, सर, आई आजारी हाय. सर म्हणाले, ते मला माहीत आहे, मीच कापलंय तिला. घर कुणाचं, ते सांगा. पाहुणे नारळाशिवायचे मोकळे हात घेऊन दारात अवघडून उभे. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"घर माजं हाय."

सोजरबाईंनी शाल बाजूला केली, पाय खाली सोडले आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आन बाबा तुजा घोडा."

त्या दिवसापासून जो येईल त्याला सोजरबाई स्वतः फाटकापर्यंत घालवायला जाऊ लागल्या. मुरुडात बोलबाला झाला. लोक मुद्दाम यायला लागले, म्हातारी पोचवायला येते म्हणून. जितके पाहुणे तितकं चालणं. मी कितीही व्यायाम सांगितले असते तरी इतकं झालं नसतं.

पण सरांचं समाधान नव्हतं. शेळी पुढच्या अंगणात लिंबाखाली बांधलेली होती, आणि सोजरबाई पडल्या होत्या मागच्या बोळात. हे त्यांनी न्हाणी बघायला गेले तेव्हाच हेरलं होतं. एका शनिवारी त्यांनी बालाजीला काहीतरी आणायला पाठवलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. सोजरबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं. मी बाहेर जायला निघालो तर म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, लेकरूच हाय.

मागच्या बोळापलीकडं त्यांच्या धाकट्या जावेचं, कोंडाबाईचं घर. वाटणीनंतर दोन्ही घरांचं बोलणं तुटलेलं. कोंडाबाईला नातू झाला. सोजरबाईंनी गुपचूप एक टोपडं शिवलं आणि पदराखाली धरून मागच्या दारानं निघाल्या, तर पायरीवरून घसरल्या. पडल्यावर ओरडायच्या आधी त्यांनी टोपडं चोळीत कोंबलं होतं. सगळे जमले, उचलून गाडीत घातलं, लातूरला आणलं, तरी ते कुणाला दिसलं नाही.

सर कुणाला काही बोलले नाहीत. जाताना मला एवढंच म्हणाले, "मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत. त्यांची तयारी करून घे." मी करून घेतली. घरच्यांना कळेना, मागं कुणी जात नसताना पायऱ्या कशाला. मी म्हणायचो, व्यायाम असतो.

पुढं एका शनिवारी गेलो तर खाट मोकळी. सून घाबरीघुबरी होऊन सांगू लागली, आता इथं होत्या, कुठं गेल्या कळंना. बालाजी शोधायला निघाला, त्याला सरांनी हाताला धरून बसवलं आणि चहा मागितला. चहा झाला. गप्पा झाल्या, म्हणजे सरच बोलत होते, बाकीचे कानोसा घेत होते. मग बोळात घोड्याचा ठोका ऐकू आला. सोजरबाई सावकाश येत होत्या आणि त्यांच्या मागं, जरा अंतर ठेवून, पडल्या तर धरायला म्हणून हात पुढं केलेली एक बाई. मागच्या दाराच्या पायरीशी ती बाई थांबली. आत आली नाही. बालाजी उठून उभा राहिला आणि थोड्या वेळानं म्हणाला, काकू, या की. ती आली की नाही, ते मला नीट माहीत नाही, कारण सर तोवर निघालेच होते. गाडीत त्यांनी केसपेपर मागून घेतला, वरचं शेळीचं उत्तर खोडलं नाही, खाली नुसती सही केली. परतीच्या वाटेवर ते कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणत होते. त्यांना गाताना मी तेवढंच ऐकलं.

दवाखान्यात या सगळ्याची थट्टाही व्हायची. सरांच्या हाताखालचे सर्जन डॉ. इम्रान एकदा वैतागून म्हणाले, "सर, अपन डॉक्टर हैं की मेहमान?" सर म्हणाले, "मेहमान. डॉक्टर को चाय कौन पिलाता?" इम्रान सर हसले, पण त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. शनिवारी सर दवाखान्यात थांबले असते तर आणखी ऑपरेशनं झाली असती. ट्रस्टचे लोकही तेच म्हणत, आणि सभ्यपणे म्हणत. सर होते तोवर गाडी मिळत होती.

मग एका सकाळी ऑपरेशन चालू असताना सरांचा उजवा अंगठा थरथरायला लागला. मी तिथं नव्हतो, इम्रान सरांनी सांगितलं. सरांनी हातातलं हत्यार त्यांच्याकडं दिलं, "तू कर" म्हणाले, आणि शेवटचा टाका पडेपर्यंत शेजारी उभे राहिले. दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं, कंपवात आहे, आता मी चाकू धरणार नाही. त्यांनी सुशीला मागवली आणि डाव्या हातानं खाल्ली.

आता त्यांच्याकडं शनिवार होता तसे बाकीचे वारही होते, पण पाय साथ देईनात. फेरीचं काय, हे विचारायला ते ट्रस्टच्या बैठकीत गेले. सगळ्यांनी त्यांचा मान राखला, शाल दिली, आणि फेरीचं म्हणाल तर, बघू, असं म्हणाले. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "नाही म्हणाले असते तर भांडलो असतो. 'बघू'शी कसं भांडायचं?"

त्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की नांदेडच्या एका दवाखान्यात जागा आहे, तिथं जा. मी म्हटलं, सर, इथली फेरी. ते म्हणाले, इथं इम्रान आहे. मला ते पटलं नाही, आणि ते त्यांना दिसलं. म्हणाले, तो करेल की नाही ते त्याचं तो बघेल. तुमच्या नायगावकडच्या म्हाताऱ्यांचं कोण बघतंय, ते सांग. मी नांदेडचा अर्ज लिहायला घेतला.

त्यांची शेवटची फेरी लातूरजवळच्याच एका वस्तीवर झाली. घराला तीन उंच पायऱ्या होत्या. सरांनी त्या खालून बघितल्या आणि समोरच्या घराच्या ओट्यावर बसले. म्हणाले, तू जा, मी इथं आहे. मी आत गेलो, आजीला उठवलं, चालवलं, औषधं बघितली, न्हाणी बघितली. बाहेर आलो तर सर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं डुलकी लागली. डोळे न उघडताच म्हणाले, "घोडा टेकला की पाऊल उशिरा पडतंय. दुखत नाही तिला. ती भितीय. पुढच्या खेपेला सुनेला शेजारून चालू दे." ते नुसतं ऐकत होते. नाही सर, दुखतं म्हणाल्या, असं मी सांगितलं. ते म्हणाले, भीती वाटते असं कोण म्हणणार आहे.

निघायची वेळ झाली. त्यांनी हात पुढं केला, तसा मी धरून ओढायला लागलो.

"ओढू नकोस," ते म्हणाले. "हात नुसता पुढं धर. उठायचं ते मी उठतो."

मी हात धरून उभा राहिलो. ते पुढं झुकले, थांबले, पुन्हा झुकले आणि उठले. रस्त्यावरून जाणारा एक ट्रॅक्टर आम्हाला वाट द्यायला थांबला होता. सर त्याच्यासमोरून, घाई न करता, गाडीपर्यंत गेले.

पुढं त्यांची मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली. फोनवर त्यांचा आवाज आता इतका बारीक येतो की काही कळत नाही. मुलगी म्हणाली, पत्र लिहा, वाचून दाखवलेलं त्यांना आवडतं. नांदेडहून मी पाठवलेलं पत्र हे असं:

"आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. इथल्या दवाखान्यानं शनिवार दिला. गाडी नाही दिली, पण बसनं जाता येतं आणि वॉकर टपावर टाकता येतो. इम्रान सरांचा फोन आला होता. ते स्वतःच्या गाडीनं जातात. ट्रस्ट अजून बघतोय. इम्रान सरांनी सांगायला सांगितलंय की चाय अच्छी मिलती.

चांगलं तेवढंच लिहू नको म्हणाला होतात, म्हणून लिहितो. नायगावच्या पुढं एका गावात मी उशिरा पोचलो. गयाबाई नाव. घरी जाऊन महिना झाला होता, आणि तो सगळा खाटेवर गेला होता. पाठीला जखम झाली होती. घरचे म्हणाले, आता कशाला हलवता, जेवढं आहे तेवढं सुखानं जाऊ द्या. मग मी तुमच्यासारखा नुसता उभा राहिलो, गेलो नाही. संध्याकाळी त्यांनी जीप सांगितली.

जखम आता भरत आली आहे. आज सकाळी मी आणि सिस्टरनं त्यांना बसवलं. पाय खाली सोडून बसल्या. चक्कर आली, पण आडवं करा म्हणाल्या नाहीत. उद्या उभं करायचं आहे. चालतील की नाही हे मला माहीत नाही, सर. यापुढं पेशंट घरी जाण्याआधीच मी त्यांचं घर बघून येणार आहे. ते मी इथं मागितलं आणि मोठ्या डॉक्टरांनी हो म्हटलं. बघू नाही म्हणाले, हो म्हणाले.

गयाबाईंनी बसल्या बसल्या मला आमच्याकडं विचारतात तसं विचारलं, तू कुनाचा रे बाळा? मी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांना ओळख लागली नाही. अजून कुनाचा, म्हणाल्या.

मग मी तुमचं नाव सांगितलं.

आपला,
व्यंकट"